हेट म्हणून घेतलेले साप आणि बुडालेले ३,०२५ डॉलर

कॅलिफोर्निया किंगस्नेक या बिनविषारी, पाळल्या जाणाऱ्या सापाच्या एका तथाकथित नव्या रंगवाणासाठी मी एकाच विक्रेत्याला दोन वेळा मिळून ३,०२५ डॉलर दिले आणि त्याबदल्यात माझ्या घरात जे आले त्यातील बहुतेक सगळे साप इथल्या कोणत्याही सरीसृप-प्रदर्शनात किरकोळ भावाने मिळणारे, साधे काळे-पांढरे पट्टेवाले होते. त्या माणसाचे नाव मी वकिलाच्या सल्ल्यावरून लिहीत नाही. त्याने आपल्या वाणाला दिलेले भडक नावही लिहीत नाही, कारण त्याची फुकट जाहिरात करण्याची माझी इच्छा नाही. हे लिहिण्याचे कारण असे की, शिकागोजवळ राहणाऱ्या आणि माझ्यासारखाच नोकरी सांभाळून हा छंद करणाऱ्या एका मराठी तरुणाने मला नुकतीच काही पिल्लांची छायाचित्रे पाठवून "दादा, ही हेट जोडी घेऊ का?" असे विचारले, आणि त्या पिल्लांखाली अंथरलेला हिरवा टेबलक्लॉथ त्याच विक्रेत्याचा आहे, हे मी ताबडतोब ओळखले.

हेट (हेटेरोझायगस) म्हणजे काय ते नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. अप्रभावी जनुकाचा रंग दिसायला त्याच्या दोन प्रती लागतात; एकच प्रत अंगात असलेला साप, म्हणजे हेट, दिसायला साधाच असतो. त्याच्या अंगी काही आहे की नाही, हे तो वयात येऊन त्याची पिल्ले अंड्याबाहेर पडेपर्यंत कोणालाही डोळ्यांनी कळत नाही. किंगस्नेकची मादी सुरक्षितपणे अंडी घालण्याइतकी मोठी व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यात हिवाळ्यातली शीतनिद्रा आणि अंडी उबण्याचे सुमारे दोन महिने धरा. म्हणजे आज विकत घेतलेल्या शब्दाची परीक्षा तीन वर्षांनी होते. या धंद्यातील लबाडी त्या तीन वर्षांवर पोसलेली आहे. ग्राहकाला संरक्षण देणारी जी जी मुदत कायद्यात किंवा पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांच्या नियमांत आहे, ती ती बहुधा साप वयात येण्याच्या आधी किंवा जेमतेम त्या सुमारास संपते, आणि हे विक्रेत्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

सप्टेंबर २०१८ मध्ये टेक्सासातील एका प्रदर्शनात मी त्याच्या टेबलासमोर उभा राहिलो. टेबलावर त्या उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले होती, सर्व साधी, आणि प्रत्येक डब्यावर छापील चिठ्ठी होती: वाणाचे नाव, "१००% हेट" आणि किंमत. नर ४०० डॉलर, मादी ५५० डॉलर. माणूस अभ्यासू वाटला. हा साप पूर्वी लॅम्प्रोपेल्टिस गेटुलाची उपजाती मानला जाई आणि २००९ मध्ये तो स्वतंत्र प्रजाती, म्हणजे लॅम्प्रोपेल्टिस कॅलिफोर्नी, म्हणून मांडला गेला, हे त्याने मला न विचारता सांगितले. सॅन दिएगो परिसरात निसर्गतःच पाठीवर लांब रेघ असलेले साप सापडतात आणि वाळवंटी भागात पट्टे अधिक शुभ्र असतात, हेही त्याने सांगितले. हे सर्व खरे होते. खोटे फक्त डब्यात होते. मी एक नर आणि दोन माद्या ठरवल्या. १,५०० डॉलर सापांचे आणि ६० डॉलर कुरियरचे, असे १,५६० डॉलर झाले.

आता त्या क्षणाकडे येतो, ज्याची आठवण आजही माझे डोके तापवते. एखादे पिल्लू शंभर टक्के हेट असण्यासाठी त्याच्या आईबापांपैकी निदान एकाच्या अंगावर तो रंग प्रत्यक्ष दिसत असला पाहिजे. म्हणून मी विचारले की, या पिल्लांचा रंगीत बाप पाहायला मिळेल का. तो म्हणाला, "तो शीतनिद्रेत आहे." तारीख सप्टेंबरची होती. बाहेर अंगाची लाही करणारे टेक्सासचे ऊन होते. किंगस्नेकला शीतनिद्रेत ठेवण्याआधी काही आठवडे त्याचे खाणे बंद करावे लागते, आतडी पूर्ण रिकामी होऊ द्यावी लागतात आणि मग हळूहळू तापमान दहा-बारा अंश सेल्सियसपर्यंत उतरवावे लागते. सर्वसाधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरात साप आत जातात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर येतात. हे मला पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या हाताने केल्यामुळे माहीत होते. त्याचे वाक्य कानावर पडताच माझ्या मनात "सप्टेंबरात?" हा प्रश्न उमटला, ओठांपर्यंत आला आणि तेवढ्यात त्याने फोन पुढे करून एका सुंदर फिकट जांभळट सापाचे छायाचित्र दाखवले. छायाचित्र पाहिल्यावर प्रश्न विरघळला. एका पैशाचाही खर्च नसलेला तो प्रश्न मी विचारला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

तरीही मला कोणी भोळा ठरवू नये. वातानुकूलित खोली असलेले काही मोठे प्रजननकार आपल्या सोयीने ऋतू मागेपुढे करतात, ही गोष्ट खरी आहे. त्याच्या टेबलाशी माझ्याशिवाय आणखी पाच-सहा जण उभे होते आणि त्यांतील एक जण, जो या क्षेत्रात माझ्यापेक्षा जुना होता, माझ्यासमोर दोन पिल्ले घेऊन गेला. शिवाय मी लेखी पावती मागितली आणि त्याने ती दिली. तिच्यावर "१००% हेट" असे स्पष्ट लिहिले होते. पैसे मात्र त्याने पेमेंट-अ‍ॅपवरील मित्र-परिवाराच्या पर्यायाने मागितले, कारण म्हणे व्यापारी पर्यायात कमिशन कापले जाते आणि ते मग त्याला किमतीत वाढवावे लागले असते. वाचणाऱ्यांपैकी कितीजणांनी हे कारण ऐकून मान डोलावली नाही, ते प्रामाणिकपणे सांगावे. कमिशन लागले तर स्वतः भरा, पण मित्र-परिवाराच्या पर्यायाने अनोळखी माणसाला एक डॉलरही पाठवू नका.

पुढची अडीच वर्षे मी ते साप वाढवले. हे साप एकमेकांना गिळतात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा डबा लागतो. त्यासाठी ३८० डॉलरचा रॅक घेतला, १६० डॉलरचा थर्मोस्टॅट आणि २४० डॉलरचे अंडी उबवण्याचे यंत्र घेतले. उंदरांचा खर्च मी हिशेबात धरलेला नाही, कारण तो मी छंद म्हणून आनंदाने केला.

२०२१ च्या वसंतात पहिल्यांदा जोड्या लावल्या. दोन्ही माद्यांनी अंडी घातली आणि उन्हाळ्याच्या शेवटी १२ पिल्ले बाहेर आली. हेट आणि हेट यांच्या संकरात चारांत एक पिल्लू रंगीत निघावे अशी अपेक्षा असते, बारांत तीन. एकही निघाले नाही. मी त्याला कळवले, तेव्हा त्याचे उत्तर अत्यंत सौजन्याचे होते. संभाव्यतेचा खेळ आहे, बाराच्या बारा पिल्ले साधी निघण्याची शक्यता शंभरात तीन इतकी असते, म्हणजे अशक्य नाही, तुमचे नशीब या वेळी नव्हते, असे त्याने लिहिले. गणित बरोबर होते. तीन-चतुर्थांशाचा बारावा घात मी स्वतः काढून पाहिला आणि उत्तर तेच आले. लबाड माणसाच्या हातात खरे गणित पडले की ते किती उपयोगी पडते, हे मला त्या वेळी समजले नाही. पहिल्या दोन खेपांत अपेक्षित रंग आला नाही तर विक्रेता नशिबावर बोलू लागतो. त्याच दिवशी सर्व संभाषण जतन करून ठेवा.

आणि मग त्याने उपाय सुचवला. हेट-हेट संकरात दैवावर अवलंबून राहण्यापेक्षा रंगीत नर घ्या, म्हणजे अर्धी पिल्ले रंगीत निघतील आणि शंका मिटेल. त्याच्याकडे वयात आलेला असा एक नर होता, किंमत १,८५० डॉलर, पण माझे झालेले "दुर्दैव" लक्षात घेऊन तो मला १,४०० ला द्यायला तयार होता. त्याच्या म्हणण्यानुसार हा वाण जगात फक्त त्याच्याकडे असल्याने परीक्षेचा नर दुसरीकडे मिळणे शक्यच नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मी १,४०० अधिक कुरियरचे ६५, म्हणजे १,४६५ डॉलर पाठवले. पत्नीने तेव्हा विचारले होते की, ज्याच्या मालावर संशय आहे त्याच्याकडूनच संशय फेडायचा माल घेणे हे कोणते शहाणपण. तिला मी जनुकशास्त्र समजावून सांगितले. त्या संभाषणाचा तपशील येथे देत नाही.

नर मात्र खरोखर देखणा होता. अंग फिकट जांभळट, पट्टे मोडलेले आणि मलईच्या रंगाचे, डोळ्यांत गर्द तांबडी झाक. २०२२ मध्ये तो दोन्ही माद्यांना लावला आणि १५ पिल्ले निघाली. पंधराच्या पंधरा साधी. माद्या खरोखर हेट असत्या तर प्रत्येक पिल्लू साधे निघण्याची शक्यता निम्मी. पंधरा सलग साधी निघण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. आता नशिबाचे कारण चालणार नव्हते, म्हणून त्याने नवी कारणे काढली. प्रथम म्हणाला की, माद्यांनी आदल्या वर्षीच्या नराचे वीर्य साठवून ठेवले असेल. सापांच्या माद्या वीर्य साठवू शकतात हे खरे आहे. पण त्या हिशेबानेही तो जुना नर हेट म्हणून त्यानेच विकलेला होता, आणि मग चारांत एक तरी रंगीत निघायला हवे होते. मग म्हणाला की, तुमचे उबवण्याचे यंत्र जास्त तापले. उष्णतेमुळे पट्ट्यांची नक्षी बिघडू शकते, पण त्यामुळे अंगातले जनुक नाहीसे होत नाही. शेवटी म्हणाला की, मी "शंभर टक्के" म्हटलेच नव्हते, "संभाव्य" म्हटले होते. मी पावतीचे छायाचित्र पाठवले. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केले.

तो नर तरी काय चीज आहे, हे पाहण्यासाठी २०२३ मध्ये आमच्या भागातील एका वयस्कर, सचोटीच्या प्रजननकाराने आपली लॅव्हेंडर, म्हणजे फिकट जांभळट रंगाची, मादी मला वापरायला दिली. दोन्ही रंगीत सापांत तेच अप्रभावी जनुक असेल तर सर्व पिल्ले रंगीत निघतात; जनुके वेगळी असतील तर सर्व साधी निघतात. सहा पिल्ले आली आणि सहाही लॅव्हेंडर होती. म्हणजे त्याचा जगावेगळा नवा वाण हा अनेक वर्षे बाजारात असलेला लॅव्हेंडर अल्बिनोच होता. वेगळी, मोडकी नक्षी असलेला एक नमुना त्याने निवडला होता आणि जनावरांच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगे रंगवून उभा करतात तसा त्याला नवे नाव देऊन उभा केला होता. आणि माद्या तर त्या जुन्या जनुकाच्याही हेट नव्हत्या. एका खोट्याच्या पोटात दुसरे खोटे होते. कोणी "नवे जनुक" म्हणून काही विकत असेल तर त्याने ते जुन्या ज्ञात जनुकांशी लावून पाहिले आहे का, कोणत्या वर्षी, किती पिल्लांवर, हे विचारा. प्रामाणिक माणूस या प्रश्नाने खूश होतो आणि वह्या काढून दाखवतो.

मधल्या काळात जे घडले ते सांगताना अधिक लाज वाटते. २०२१ च्या साध्या पिल्लांपैकी पाच मी, त्याच्या शब्दावर विसंबून, "६६% संभाव्य हेट" म्हणून, म्हणजे हेट असण्याची शक्यता तीनांत दोन असे सांगून, प्रत्येकी १२० डॉलरला विकली होती. सत्य कळल्यावर मी पाचही जणांना एकूण ६०० डॉलर परत केले. चौघांनी आभार मानले; पाचव्याने मलाच भामटा म्हटले आणि त्याला मी काय उत्तर देणार होतो?

आता यंत्रणांविषयी. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितले की मित्र-परिवाराच्या व्यवहाराला संरक्षण नाही, आणि असते तरी तक्रारीची मुदत केव्हाच संपली आहे. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर काय झाले असते, हे पाहायला गेलो तर फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टखाली लेखी तक्रारीला बिलापासून ६० दिवस मिळतात. साठ दिवसांत किंगस्नेकचे पिल्लू दोन-चारदा कात टाकते, याहून अधिक काही सिद्ध होत नाही. पोलीस चौकीवर गेलो. तेथील अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न साप विषारी आहे का हा होता, दुसरा तो आत्ता गाडीत आहे का हा होता, आणि दोन्हींची उत्तरे नकारार्थी मिळाल्यावर त्याने हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगून ग्राहक-तक्रार विभागाकडे पाठवले. त्या विभागाने सहा आठवड्यांनी छापील पत्र पाठवले की, आम्ही वैयक्तिक वादात पडत नाही, मात्र आपली माहिती नोंदवून घेतली आहे. केंद्रीय पातळीवरील ऑनलाइन तक्रार-नोंदणीत सर्व पावत्या, संभाषणे आणि छायाचित्रे चढवली. तेथून एक लांबलचक क्रमांक आला आणि आजपर्यंत त्या क्रमांकाशिवाय दुसरे काहीही आलेले नाही. प्रदर्शनाच्या आयोजकांनी आम्ही फक्त टेबले भाड्याने देतो असे म्हटले. पुढच्या हंगामात तो माणूस त्यांच्याच सभागृहात, दाराजवळच्या महागड्या जागी बसलेला होता.

सर्वांत कहर वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याने केला. मी तक्रारदार म्हणून फोन केला होता. त्याने माझ्याकडे किती साप आहेत, ते रानातून पकडलेले नाहीत याचा पुरावा काय आणि विक्रीचा परवाना कोठे आहे, असे विचारायला सुरुवात केली. कॅलिफोर्निया किंगस्नेक टेक्सासच्या रानात सापडतच नाही, हे मला त्याला समजावून द्यावे लागले. कुत्र्यांच्या पैदाशीवर देखरेख करणारा केंद्रीय कायदा तरी उपयोगी पडेल अशी आशा होती, तर अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टमध्ये शीत रक्ताचे प्राणी येतच नाहीत. काही राज्यांत कुत्र्याचे आजारी पिल्लू विकले तर ग्राहकाला पैसे परत मिळतात. सापाच्या ग्राहकाला मात्र फक्त लोकांच्या चेहऱ्यावरचे हसू मिळते. साप विकत घेतला आणि फसला, एवढे म्हटले की समोरच्या माणसाची सहानुभूती तेथेच संपते, मग तो गणवेशात असो की नसो.

शेवटी छोट्या दाव्यांच्या न्यायालयात गेलो. अर्जाचे ५४ आणि समन्स बजावण्याचे ७५, असे १२९ डॉलर भरले. समन्स परत आले, कारण पावतीवरचा पत्ता हा दुसऱ्या राज्यातील एका दुकानात भाड्याने घेतलेली टपालपेटी होती. नंतर वकिलाने सांगितले की पहिल्या व्यवहाराचा दावा तसाही कालबाह्य झाला होता. युनिफॉर्म कमर्शियल कोड या अमेरिकी व्यापारी संहितेनुसार वस्तूच्या हमीचा दावा वस्तू हाती आल्यापासून चार वर्षांत करावा लागतो, आणि हमी मोडल्याचे कधी कळले याच्याशी त्या दाव्यात कायद्याला सहसा कर्तव्य नसते. मला साप ऑक्टोबर २०१८ च्या पहिल्या आठवड्यात मिळाले. पोलीस, विभाग आणि सहा आठवड्यांचे छापील पत्र यांत ऑक्टोबर २०२२ निघून गेला. या नियमाला एक अपवाद आहे आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा: हमी स्पष्ट शब्दांत भविष्यातील परिणामाविषयी दिलेली असेल तर चार वर्षे तो परिणाम कळल्यापासून किंवा कळायला हवा होता तेव्हापासून मोजतात. म्हणून पावतीवर केवळ "१००% हेट" लिहून घेऊ नका. "प्रजननानंतर हे पिल्लू हेट नसल्याचे आढळल्यास पूर्ण रक्कम परत" असे लिहून घ्या, खाली राहत्या घराचा पत्ता आणि सही घ्या. जो लिहून देत नाही त्याच्या टेबलापासून दूर व्हा.

हीच युक्ती रंगाऐवजी ठिकाणावरही चालते. पश्चिम टेक्सासातील ग्रे-बँडेड किंगस्नेकचे शौकीन साप लँगट्री गावाजवळचा की ख्रिसमस माउंटन्स या डोंगरांतला, यावरून जास्त किंमत मोजतात, कारण ठिकाणानुसार त्यांच्या पट्ट्यांची आणि रंगाची तऱ्हा वेगळी असते. परंतु कोणत्या रस्त्यावर पूर्वज सापडला हे साप सांगत नाही, विक्रेता सांगतो. तेथे तर प्रजनन करूनही काही सिद्ध होत नाही. पूर्वजांच्या नोंदी नसतील तर साध्या सापाच्या भावाने घ्या किंवा घेऊच नका.

राहिलेली २२ साधी पिल्ले मी खरी हकीकत सांगून २० ते ३० डॉलरला दिली, काही फुकट दिली. "इतकी कशाला सांभाळतोस, माळावर सोडून दे," असे एका शहाण्याने सुचवले होते. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक निसटून किंवा सोडले गेल्यामुळे आज रानात हजारोंनी पसरले आहेत, त्यांत अल्बिनोही पुष्कळ आहेत, आणि तेथील मोठे सरडे त्यांनी कित्येक भागांतून जवळजवळ संपवले आहेत. फसवले गेल्याचा राग त्या सरड्यांवर काढण्याचे कारण नाही.

शिकागोच्या त्या तरुणाला मी हे सर्व सांगितले आणि त्याने विक्रेत्याकडे रंगीत बापाचा चालू तारखेचा व्हिडिओ मागितला. उत्तर अजून आलेले नाही. माझा दुसरा व्यवहार, म्हणजे १,४६५ डॉलरचा नर, ऑक्टोबर २०२१ मधला असल्याने त्याची चार वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होती. नवे जनुक म्हणून जुना लॅव्हेंडर विकल्याचा पुरावा सहा पिल्लांच्या रूपाने माझ्या रॅकमध्ये आहे. माझ्यासारखेच आणखी कोणी फसले असेल आणि त्याच हिरव्या टेबलक्लॉथवरून २०२१ नंतर काही घेतले असेल, तर पावती, पैसे पाठवल्याची नोंद आणि पाकिटावरचा कुरियरचा मूळ पत्ता फेकून देऊ नका. कुरियरच्या चिठ्ठीवर साप नेमका कोठून उचलला ते ठिकाण असते, आणि वकिलाच्या म्हणण्याप्रमाणे आम्हाला त्याचा खरा पत्ता मिळण्याची तीच एक वाट उरली आहे.